प्लायवरचा नंबर तपासणारं ‘बीआयएस केअर’ ॲप : माझ्याकडून चार तारे

औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला बॅच नंबर आणि एक्सपायरी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सांगलीत गावभागातल्या आमच्या तळमजल्याच्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं, तेव्हा हीच खोड कामी आली. मिस्त्री म्हणत होता, “अण्णा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय हाय, डोळं झाकून घ्या.” डोळे उघडे ठेवायला काही पैसे पडत नाहीत, म्हणून मी हे ॲप उतरवून घेतलं.

‘बीआयएस केअर’ हे भारतीय मानक ब्यूरोचं ॲप. २०२० साली आलं, फुकट आहे. वस्तूवर आयएसआयचा शिक्का असतो ना, त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ लिहून पुढे लायसनचा नंबर. शिक्का सगळे बघतात, खालचा नंबर कुणी वाचत नाही. तो ॲपमध्ये टाकला की लायसन कुणाचं, कारखाना कुठला, कोणत्या मानकाचं आणि आज चालू आहे की नाही, एवढं समोर येतं.

टिंबर एरियातल्या एका दुकानात याचा पहिला हिसका बसला. शीटवर ठळक अक्षरात ‘मरीन’, ‘७१० ग्रेड’, ‘बॉयलिंग वॉटरप्रूफ’, शिवाय आजन्म गॅरंटी. शिक्क्यांची नुसती जत्रा, पण सीएम/एलचा पत्ता नाही. दुसऱ्या शीटवर नंबर होता. तो टाकला तर लायसन चालू, कंपनीही तीच, फक्त मानक निघालं आयएस ३०३. दुकानदार म्हणाला, “अहो, कंपनी तीच आहे की!” कंपनी तीच असेल, पण लायसन प्रत्येक मानकाचं वेगळं असतं. ३०३ हा सर्वसाधारण वापराचा प्लाय. मरीनचं मानक आयएस ७१०, आणि त्यात डिंकाला ७२ तास उकळत्या पाण्यात तग धरावा लागतो. दोघांत फुटामागे चाळीस-पन्नास रुपयांचा फरक सांगत होते, म्हणजे आठ बाय चारच्या ३२ फुटी शीटला दीड हजाराच्या आसपास. एवढा फरक मोजायचा तर तो कशासाठी, हे कळायला नको?

तिसऱ्या दुकानात ७१० चं चालू लायसन असलेला माल मिळाला. तिथून एक तुकडा आणि आधीच्या दुकानातल्या बिननंबरी मालाचा एक तुकडा मागून आणला, आणि मागच्या दारी जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. ७२ तास कोण चूल पेटती ठेवणार, संध्याकाळपर्यंतच ठेवली. बायको दोनदा येऊन विचारून गेली, “झाला असेल तर गाळू का?” बिननंबरी तुकड्याची कड शिळ्या खारीसारखी सुटली, मधल्या थरात बोट जाईल एवढी पोकळी दिसली. दुसरा काळा पडला, पण थर सुटले नाहीत. ॲपच्या बाजूने एवढा पुरावा मला पुरे.

तरीसुद्धा ओट्याखाली मी प्लाय लावला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. आधीच्या, भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या ट्रॉल्या भिजलेल्या पावासारख्या फुगल्या, त्या उचलतानाच हातात आल्या. मरीन प्लायची ती उकळायची परीक्षा डिंकाची असते. चार-पाच दिवस गढूळ पाण्यात उभं राहून नंतर गाळासकट वाळायचं, ही परीक्षा त्यात नाही, आणि ॲपला ती विचारताही येत नाही. म्हणून ओट्याखाली विटांच्या भिंती, कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या जाळ्या, ज्या पाणी यायच्या आत उपसून माडीवर नेता येतील. प्लाय फक्त वरच्या कपाटांना. मिस्त्रीला हे फारसं आवडलं नाही, “जुनाट दिसतंय” म्हणाला. दिसू दे.

ॲपचा खरा उपयोग पुढेही होत राहिला. वायरच्या बंडलावर आयएस ६९४, गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपवर आयएस १५७७८, दोन्ही ठिकाणी नंबर टाकून बघितले. इलेक्ट्रिशियन आधी हसला, मग स्वतःच्या मोबाईलवर ते ॲप घेऊन बसला. बायकोने तर दागिन्यांवरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, टाकून नव्या पाटल्यांची शुद्धता ताडून बघितली. घराच्या कामाशी याचा काही संबंध नाही, पण घरात माझ्या ॲपची किंमत वाढली ती त्यानंतर.

आता तारा कुठे कापला ते सांगतो. नंबर खरा असला म्हणून शीट खरी असं नाही. दुसऱ्याचा चालू नंबर आपल्या मालावर छापणारा महाभाग असला, तर ॲप बिचारं ‘चालू’ असंच दाखवणार. म्हणून कारखान्याचं नाव आणि बिलावरचं नाव ताडून बघा, आणि पक्कं बिलच घ्या, १८ टक्के जीएसटीकडे बघून कच्च्यावर भागवू नका. दुसरं, सुतार शीट कापतो, वर सनमायका चिकटवतो, की शिक्का गडप. करवत लागायच्या आधी प्रत्येक शीटच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. ॲपमध्ये तक्रारीचा विभागही आहे, तिथे हाच फोटो लागेल. मला अजून ती वेळ आलेली नाही.

बिजागऱ्या, चॅनेल, सनमायक्याचा रंग, मिस्त्रीचा हात यातलं काही ॲप सांगत नाही. स्टीलच्या जाळ्यांसाठी लोहचुंबकाचा भरवसा धरू नका, हलक्या प्रतीचं २०२ स्टील काय आणि गंजाला जास्त टिकणारं ३०४ काय, दोन्हींना तो सहसा धरत नाही. बिलावर ३०४ असं लिहून मागा. आमच्या दुकानदाराने लिहून द्यायला का-कू केली, मग मी जाळ्या दुसरीकडून घेतल्या.