६००० सीएल३० घ्यावी की ८०००? मोठ्या बजेटच्या पीसीसाठी रॅमची तुलना

अडीच-तीन लाखांचा पीसी बांधायला निघालेली माणसं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर महिनाभर डोकं लावतात आणि रॅमची वेळ आली की दुकानदार जे पुढे करेल ते उचलतात, हे मला खरंच खटकतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काय चढलेत की आता ती बिलातली किरकोळ ओळ राहिलेली नाहीये, आणि चुकीची किट घेतली तर पैसे पण जातात आणि स्पीड पण मिळत नाही.

कोथरूडचा माझा एक मित्र आहे, दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री गेम्स खेळतो, त्याच्यापुढे तीन पर्याय आले होते. एक, एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ३२ जीबीच्या दोन स्टिक, ६००० सीएल३०. दोन, तीच रायझन पण चारही स्लॉट भरून १२८ जीबी. तीन, इंटेल कोअर अल्ट्रा आणि ८००० ची सीयूडीआयएमएम (जास्त स्पीडसाठीच्या नव्या प्रकारच्या स्टिक) किट. बाजारात साधारण हेच तीन कोटेशन मिळतात, म्हणून याच तिघांबद्दल बोलू.

आधी खोक्यावरच्या आकड्यांचं बघू. स्पीड (६०००, ८०००) एकटा बघून काही कळत नाही, सीएल, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा, सोबत बघायचा. हिशोब सोपा आहे, सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३० म्हणजे १०. ८००० सीएल४० म्हणजे पण १०च! आणि ६००० सीएल४० ची स्वस्त किट म्हणजे १३ च्या वर. म्हणजे ८००० वाली जास्त डेटा वाहून नेते हे खरं, पण पहिला बाइट यायला तेवढाच वेळ लागतो आणि गेम्सना या वाट बघण्याचाच जास्त फरक पडतो.

आता रायझन ७००० आणि ९००० सिरीजमध्ये गंमत अशी आहे की ६००० ला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमच्या बरोबरीने ३००० मेगाहर्ट्झवर चालतो; रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून ६००० च्या निम्मे ३०००. ६४०० च्या वर गेलात की बहुतेक चिप्सना तो अर्ध्या स्पीडवर टाकावा लागतो, त्यामुळे ७२०० ची महागडी किट लावून गेम्समध्ये कधीकधी ६००० पेक्षा कमीच मिळतं. शिवाय ९८००एक्स३डी सारख्या एकाच चिपलेटच्या (सगळे कोअर्स एकाच तुकड्यावर असलेल्या) प्रोसेसरमध्ये रॅमकडून येणारा डेटा इन्फिनिटी फॅब्रिक या आतल्या जोडरस्त्यातून जातो, ते २००० मेगाहर्ट्झवर असेल तर वाचायची मर्यादा सेकंदाला ६४ जीबी, आणि ६००० ची ड्युअल चॅनल रॅम कागदावर आधीच ९६ देतेय. मग अजून फास्ट रॅमचे पैसे कशाला घालायचे? त्यात ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच फास्ट मेमरी) आहे, गेमला रॅमपर्यंत जायची गरजच कमी पडते, त्यामुळे या प्रोसेसरवर सीएल३० आणि सीएल३६ मधला फरक बऱ्याच गेम्समध्ये जाणवत पण नाही. एवढी मोठी कॅश नसलेल्या साध्या ९७००एक्स किंवा ९९५०एक्सवर जाणवतो.

इंटेलकडे गणित वेगळं आहे. कोअर अल्ट्रा २८५के मध्ये मेमरी कंट्रोलर कोअर्सपासून वेगळ्या टाइलवर आहे, म्हणून मुळातच लेटन्सी (डेटाची वाट बघण्याचा वेळ) जास्त, आणि ती भरून काढायला फास्ट रॅमचा खरोखर उपयोग होतो. सीयूडीआयएमएम म्हणजे ज्या स्टिकवरच क्लॉक सिग्नल नीट करणारी छोटी चिप असते, त्याने ८००० आणि वरचे स्पीड बरेच स्थिर चालतात. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलने २००एस बूस्ट हे ओव्हरक्लॉकिंगचं सेटिंग आणलं, त्यात ८००० पर्यंत वॉरंटी न जाता चालवता येतं. एडिटिंगसाठी क्विक सिंक (प्रोसेसरमधलाच व्हिडिओ उलगडणारा भाग) पण आहे, कॅमेऱ्याच्या जास्त रंगमाहितीच्या ४:२:२ फाइल्स टाइमलाइनवर मस्त पळतात. पण शुद्ध गेमिंगला ९८००एक्स३डी पुढे आहे ते आहेच, आणि रायझनचं एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) २०२७ आणि पुढेपर्यंत चालवू असं एएमडीने सांगितलंय, पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डवर बसेल हे मला महत्त्वाचं वाटतं.

चार स्टिकचा मोह मात्र टाळा. एएम५ वर चार स्टिक लावल्या की एएमडी अधिकृतपणे फक्त ३६०० ची हमी देते. नव्या बायोसवर लोक ६००० ला पण चालवतात पण ते नशिबावर आहे, आणि ३६०० ला बसलात तर सेकंदाला ९६ जीबीचे थेट ५७.६ होतात. आता ३२ आणि पुढे लागली तर अजून ३२ टाकू, हा डीडीआर४ (आधीच्या पिढीची रॅम) च्या काळातला सल्ला इथे चालत नाही, कारण वेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन किट्स एकत्र नीट चालतीलच असं नाही. किती लागणार ते आजच ठरवा आणि दोन स्टिकमध्ये घ्या: दोन ३२ च्या, नाहीतर दोन ४८ च्या. ६४ च्या पण यायला लागल्यात.

क्षमतेत कंजुषी नको, हे मी अगदी मनापासून सांगतो. आफ्टर इफेक्ट्स प्रीव्ह्यू रॅममध्ये साठवतं, ते भरलं आणि विंडोज एसएसडीवर सरकवायला लागलं की जेन४ ची चांगली एसएसडी पण सेकंदाला ७ जीबीच्या आसपास देते, आणि वाट बघणं नॅनोसेकंदावरून मायक्रोसेकंदावर जातं. त्यापुढे सीएल३० की ३६ हा वादच उरत नाही. एडिटिंग असेल तर सीएल३६ ची ६४ जीबी ही सीएल३० च्या ३२ पेक्षा कधीही चांगली. फक्त गेमिंग असेल तर ३२ पुरे, आणि ४के वर खेळत असाल तर सगळा भार ग्राफिक्स कार्डवरच असतो, उरलेले पैसे तिकडे वळवा.

मित्राला मी ९९५०एक्स३डी आणि ३२ च्या दोन स्टिक, ६००० सीएल३० हेच घ्यायला सांगितलं. बोर्ड घेताना एक बघा, बऱ्याच एक्स८७०ई बोर्ड्सवर दुसऱ्या जेन५ एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डच्या लेन (डेटा वाहायचे मार्ग) १६ वरून ८ होतात, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि मोठा एअर कूलर लावणार असाल तर उंच आरजीबीवाली रॅम पंख्याला अडते, बुटकी घ्या.

लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहते, काही मिनिटं मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालतं, घाबरून बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्सपो (किटचा खोक्यावरचा स्पीड लावणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची किट वर्षभर ४८०० लाच पळत राहते आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हे बायोसमधलं सेटिंग पण चालू ठेवा, ते बंद असलं की दर वेळी ट्रेनिंग होतं, आणि आपल्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट जाते-येते तेव्हा ते फार वैताग आणतं, यूपीएस तर हवाच. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवून एकही एरर नाही हे बघितल्याशिवाय क्लायंटचं काम त्यावर टाकू नका, आणि दुकानात बिल करतानाच किटचा पूर्ण पार्ट नंबर बिलावर लिहून घेऊन तो बोर्ड कंपनीच्या क्यूव्हीएल यादीशी, म्हणजे त्या बोर्डवर तपासलेल्या रॅमच्या यादीशी, ताडून बघा, कारण नावात एका अक्षराचा फरक असला तरी आत चिप वेगळी निघू शकते.