फिकी जीन्स परत निळी करायच्या नादात ४,२९६ रुपये गेले, किट मागवायच्या आधी हे वाचा

आकडा आधीच सांगून टाकते. किटचे १,४९९, नंतर रंग पक्का करायच्या "फिक्सर"चे ६४९ आणि या दोन्हीचा रिफंड देतो म्हणून परत माझ्याच खात्यातून काढलेले २,१४८. एकूण ४,२९६ रुपये. पुढे ज्याला हसायचंय त्याने हसावं, पण स्वतःच्या फोनमध्ये तसलं किट कार्टमध्ये टाकलेलं नाही ना ते आधी बघावं.

जाहिरात नेहमीचीच. डावीकडे गुडघ्यावर पांढरी पडलेली जीन्स, उजवीकडे तीच गडद निळी. "१०० टक्के नैसर्गिक इंडिगो, थंड पाण्यात ३० मिनिटं, गरम करायची भानगड नाही." खाली पाच स्टारवाल्या कमेंट्स, टायमर उलटा पळतोय, कॅश ऑन डिलिव्हरी "तात्पुरती बंद". हे सगळं कसं चालतं ते मलाही माहितीये, मी काही काल फोन हातात घेतलेला नाही. पण माझ्याकडे दोन चांगल्या जीन्स आणि एक जॅकेट होतं, कापड एकदम दणकट, फक्त रंग गेलेला, आणि नवीन घ्यायचं म्हटलं तर याच्या कितीतरी पट खर्च. १,४९९ मध्ये तीन कपडे नवे होतायत म्हटल्यावर कुणीही घेतलं असतं.

आता तो फोटो. रात्री झोप लागत नाही तेव्हा अजून तोच डोळ्यासमोर येतो. उजवीकडच्या जीन्सचा खालचा काठ दुमडलेला होता आणि आतली बाजू पांढरी स्वच्छ! डेनिममध्ये उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा, म्हणून नवीन जीन्स आतून पांढरट दिसते. पण तयार जीन्स रंगाच्या पाण्यात बुडवली की आडवा धागा कसा पांढरा राहील? तो पण निळा होणार, खिशाचं आतलं सुती कापड पण निळं होणार. म्हणजे ती रंगवलेली जीन्स नव्हतीच, दुकानातली कोरी जीन्स होती. मी तो फोटो झूम करून बघितला होता हो. शिलाईचा केशरी दोरा तसाच राहतो का ते बघत होते, कारण दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो आणि सुती रंग तो घेत नाही हे मला कुठूनतरी माहीत होतं. दोरा बरोबर केशरी दिसला, मी खूश. दुमडलेला काठ त्याच्या बोटभर खाली होता. आणि व्हिडिओत जीन्स कायम ओली, निथळणारी. ओली जीन्स कुठलीही गडदच दिसते, घरातली सगळ्यात फिकी पँट नळाखाली धरून बघा!

पार्सल आलं. एक निळी पावडर, एक पांढरी पुडी, हातमोजे, आणि एक कागद ज्यावर कंपनीचं नाव आहे पण पत्ता नाही. पावडर बादलीत टाकली तर पाणी क्षणात निळंशार. मला वाटलं वा. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं असं आता सगळे सांगतात, पण हे मला आधी कोण सांगणार होतं? खरा इंडिगो नुसत्या पाण्यात विरघळतच नाही. त्याला अल्कली लागते, हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट लागतं, मग तो विरघळून पाणी पिवळट हिरवं होतं, कापड बाहेर काढताना पण हिरवटच असतं आणि हवा लागली की डोळ्यादेखत निळं होतं. त्यामुळे "थंड साधं पाणी, नैसर्गिक इंडिगो, ३० मिनिटं" हे वाक्यच खोटं आहे. माझ्या बादलीच्या तळाशी थोड्या वेळाने निळा गाळ बसला. जीन्स वाळल्यावर जेमतेम आकाशी, तीही डागाडागांची, आणि पहिल्या धुण्यात सगळं निळं नालीत. कागदावर लिहिलं होतं शेवटी व्हिनेगरमध्ये बुडवा, रंग पक्का होईल. जॅकेट बुडवलं तर होता तो रंगही उडायला लागला आणि सडक्या अंड्यासारखा वास. नंतर कळलं की पांढऱ्या कपड्यांना देतात त्या निळीच्या पावडरीत जे अल्ट्रामरीन असतं ते आंबट लागलं की असंच करतं. म्हणजे निळीची पुडी मला १,४९९ ला विकली.

पण खरी हुशारी पुढे. घरी रंग देताना शंभर गोष्टी चुकू शकतात आणि या लोकांचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. मी मेसेज केला की लगेच उत्तर, "ताई, टेन्शन घेऊ नका, तुमचं पाणी जड आहे का?" मग "मीठ किती टाकलं?", मग "जीन्समध्ये लायक्रा आहे का, लेबलचा फोटो टाका". प्रत्येक वेळी चूक माझी. लेबलवर २ टक्के इलास्टेन, म्हणजे लायक्राच, निघालं तर म्हणे "बघा, म्हणूनच!" २ टक्क्यांनी उरलेल्या ९८ टक्के कॉटनला रंग का बसू नये? पण इतकं गोड आणि इतकं माहितीचं बोलत होता की मीच विचार करत बसले आपण मीठ कमी टाकलं का, आणि ६४९ चं "प्रो फिक्सर" मागवलं. त्याला चव मिठाची. हो, जिभेला लावून बघितलं, तुम्ही असलं काही करू नका.

मग मी चिडले, ग्राहक आयोगात जाते म्हटलं. लगेच "ताई, पूर्ण रिफंड देतो". एका माणसाचा फोन आला, ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम सगळं बरोबर सांगितलं, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. क्यूआर पाठवला, स्कॅन करा, २,१४८ टाका, पिन टाका, रक्कम जमा होईल. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी स्वतः दहा जणांना सांगितलंय. पण तो माणूस फोनवर सतत बोलत होता, स्कॅन झालं का, रक्कम नीट टाका, घाई करा नाहीतर लिंक बंद होईल. गेले.

आता यंत्रणा. बँकेत फोन केला तर "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय". मंजूर काय केला मी, फसवून करवून घेतला ना, तो फरक विचारायला तुमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही? ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच कागदपत्रं बघून उघडलंय ना, मग ते कोणाचं आहे ते मला सांगत नाहीत, गोपनीयता म्हणे, चोराची गोपनीयता! माझी मात्र जन्मतारखेपासून आईच्या नावापर्यंत सगळी चौकशी. पोलीस ठाण्यात गेले तर साहेब हसून म्हणाले, "ताई, रंग बसला नाही ही काय पोलीस केस आहे का?" मी म्हटलं रंगाचं सोडा, क्यूआरचं बघा. तर म्हणे रक्कम लहान आहे. लहान आहे म्हणूनच तर घेतात ना, अशा हजार बायकांकडून घेतली की किती होते? अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब नाहीत, साहेब आले तर शिक्का नाही. एकाने तर मलाच सल्ला दिला की जुनी जीन्स पुसायला वापरा. आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना ही गोष्ट किती मजेशीर वाटली! रिफंड नाही, एफआयआर नाही, टिंगल मात्र फुकट.

पैसे गेले की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून दोन दिवस घालवू नका. विक्रेत्याच्या साइटवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दिसला नाही तर तिथूनच बाहेर पडा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते देणं बंधनकारक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. पाकीट आणि उरलेली पावडर फेकू नका, आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मी रागाच्या भरात फिक्सरची पुडी फेकली, किटची पावडर तेवढी राहिलीये.

आणि रंगच द्यायचा असेल तर कॉटनसाठीचा रिअॅक्टिव्ह डाय नाव विचारून घ्या, त्याला मीठ आणि धुण्याचा सोडा लागतो, खायचा सोडा नाही. सिल्क, लोकरीचा अॅसिड डाय कॉटनवर टिकत नाही. कोरड्या कपड्याचं वजन करा, रंग त्या हिशोबात लागतो, "एका पुडीत तीन जीन्स" म्हणणाऱ्याला आधी विचारा किती ग्रॅम कापड. जीन्सच्या आधी पांढऱ्या सुती चिंधीवर करा, वाळवा, साबणाने धुवा, मग बोला. आणि एका चिंधीवर लिंबू पिळा, अंड्याचा वास आला की समजा.

जाहिरात रिपोर्ट केली होती. "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं उत्तर आलं. आज दुसऱ्या नावाने तेच किट, तोच दुमडलेला काठ, आता किंमत १,२९९.