रेनकव्हरचे खोंबारे: एका पावसाळ्यानंतर टेप आणि गमाचा अनुभव

टेनेशियस टेप या स्वतःच चिकटणाऱ्या दुरुस्ती-टेपचे पॅच आणि सीम ग्रिप हा गम, दोन्ही जून ते सप्टेंबर असे चार महिने सॅकच्या रेनकव्हरवर, जॅकेटवर आणि एका तंबूवर वापरले. नीट लावलेले पॅच अजून जागेवर आहेत. जे निघाले, ते लावतानाच्या चुकीमुळे.

आधी कोटिंग, म्हणजे कापडावरचा पाणी अडवणारा थर, ओळखा, कारण पॅच कापडाला नाही, कोटिंगला चिकटतो. बहुतेक रेनकव्हर आणि पोंचोंना आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असतो. त्यावर टेप आणि गम दोन्ही छान धरतात. वजनाला हलक्या, महागड्या तंबूंच्या सिलनायलॉनवर मात्र सिलिकॉन असतं आणि तिथे यातलं काहीच टिकत नाही. कोपऱ्यात साधा सेलोटेप दाबून बघा. अलगद सुटून आला तर सिलिकॉन समजा. त्याला हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंटच लागतं, आणि ठिगळही सिलनायलॉनचंच.

करवंदीच्या जाळीत सॅक घासली की रेनकव्हरला हमखास काटकोनी खोंबारा पडतो. सुई-दोरा घेऊ नका. टाक्याच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं आणि ताण आला की कापड त्याच रेषेत पुन्हा फाटतं. सुटलेले धागे ओढू नका, कात्रीने कापा. आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पॅच फाटीपेक्षा चहूबाजूंनी किमान 2 सेंमी मोठा हवा आणि कोपरे गोल कापलेले हवेत. टोकदार कोपरा कशालाही अडकतो आणि तिथूनच पॅच उलगडतो. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासून हवा काढा. त्यानंतर 24 तास ताण नको, धुणं नको.

फाट लांब असेल तर गम जास्त भरवशाचा. दोन्ही कडा जुळवून बाहेरून सेलोटेप लावा, उलटं करून आतून फाटीच्या दोन्ही बाजूंना 6 मिमीपर्यंत पातळ थर पसरवा आणि रात्रभर सपाट ठेवा. सकाळी सेलोटेप काढा. हा गम हवेतल्या ओलाव्याने सुकतो, त्यामुळे पावसाळी हवा त्याला मानवते. कापड मात्र कोरडंच लागतं. याच ओलाव्याने उघडलेली ट्यूब आतल्या आत दगड होते. तोंड पुसून, टोपण घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढच्या वेळेला कामी येते.

तीन थरांच्या जॅकेटला आतून जाळीसारखं अस्तर असतं, म्हणून पॅच बाहेरून लावा.

कोटिंगच चिकचिकीत होऊन पापुद्रे सुटत असतील तर टेप वाया घालवू नका. ओलं कव्हर महिनोन्‌महिने घडी करून ठेवलं की पीयू कुजतं. मग पॅच कोटिंगचा पापुद्रा घेऊनच निघतो. अशा वेळी नवं कव्हर घ्या.

ट्रेकला 10 सेंमी टेप आणि दोन अल्कोहोल स्वॅब प्रथमोपचाराच्या पिशवीत पुरतात.