माळ्यावरच्या एक्झॉस्टसाठी ग्लासवूलचा डक्ट : एका हिवाळ्याचा अनुभव

पुण्याच्या पाषाण भागातील आमचे घर कौलारू असून न्हाणीघराच्या एक्झॉस्ट फॅनचा चार इंची डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी, माळ्यावरून सुमारे अकरा फूट जाऊन बाहेरच्या भिंतीत निघतो. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात सकाळच्या आंघोळी आटोपल्या की फॅनच्या जाळीतून पाणी टपकू लागले आणि भोवतीच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग पसरत गेला. पाहायला आलेल्या पहिल्या कारागिराने "काका, कौल फुटलंय" असे सांगितले. परंतु पाऊस थांबून दोन महिने होत आले होते, तेव्हा ते मला पटेना. माळ्यावर चढून डक्ट सोडवला, तर दोन आधारांमध्ये पडलेल्या झोळात तांब्याभर पाणी साचलेले निघाले.

न्हाणीघरातील हवा 28 अंशांची आणि 90 टक्के आर्द्रतेची असेल, तर सुमारे 26 अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातील वाफेचे पाणी होते. पाषाणला थंडीत पहाटे पारा 10 अंशांच्याही खाली जातो, कौलांखालचा माळा जवळजवळ तितकाच गारठतो, आणि ॲल्युमिनियमचा उघडा पातळ डक्ट त्या गारव्याला काहीच अडवत नाही. एसीच्या डक्टला घाम बाहेरून सुटतो. येथे तो आतून सुटतो, एवढाच फरक.

म्हणून 25 मिलिमीटर ग्लासवूल (काचतंतूंची उष्णतारोधक लोकर) आणि त्यावर फॉइलचे वेष्टन असलेला डक्ट घेतला. तो साध्या डक्टपेक्षा बराच महाग आहे, आणि वेष्टनामुळे त्याची जाडी सहा इंच होत असल्याने अडचणीच्या माळ्यावर तो वळवताना हात सोलवटतात. मात्र त्याचे आतले अस्तर जपणे फार महत्त्वाचे आहे, कारण ते फाटले तर वाफ ग्लासवूलमध्ये शिरते आणि भिजलेली लोकर निकामी होते. सांध्यांना कापडी नव्हे, तर ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावून घ्यावी. आम्ही दर तीन फुटांवर पट्टीचा आधार दिला आणि बाहेरच्या बाजूला एकूण तीन इंचांचा उतार ठेवला, म्हणजे चुकून पाणी झालेच तर ते फॅनकडे परतणार नाही.

तक्रार बसवण्याच्या कामाची आहे. कारागिराने भिंतीजवळ वीतभर डक्ट उघडाच सोडला होता, आणि पहिल्याच गार सकाळी नेमके तेवढ्याच भागात आतून पाणी सुटून सांध्यातून बाहेर झिरपले. तेथे उष्णतारोधक नायट्रिल रबराची पट्टी गुंडाळल्यावर ते थांबले. आंघोळीनंतर फॅन वीस मिनिटे चालू ठेवण्याचा नियमही आम्ही घरात केला आहे, कारण फॅन लगेच बंद केला तर दमट हवा डक्टमध्येच अडकून राहते.

यंदा जानेवारी संपत आला तरी जाळी कोरडी आहे. छतावरच्या जुन्या डागावर आता रंग देता येईल.