डोंबिवलीतलं इन्कम टॅक्स रिटर्न भरून देणारं ऑफिस: एज्युकेशन लोन चालू असेल तर नक्की जा

स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मॅडम एकट्याच सगळं बघतात, मदतीला एक मुलगा. मी ऑगस्ट २०२५ मध्ये गेलो होतो, तेव्हा रिटर्न भरायची तारीख १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती तरी तासभर बसावं लागलं.

मुलगी जर्मनीत एमएस करतेय, लोन तिच्या नावावर आणि मी को-बॉरोअर, व्याज माझ्या खात्यातून जातं, महिन्याला २०,०००. त्याआधीच्या वर्षी एका वेबसाईटवर मीच रिटर्न भरलं होतं आणि नवी रिजीम (टॅक्सचे दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी पद्धत) आपोआप सिलेक्ट झालेली असते हे मला माहीतच नव्हतं. नव्या रिजीममध्ये ८०ई, म्हणजे एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट, मिळत नाही. म्हणजे वर्षभर व्याज भरलं आणि वजावट शून्य. मॅडमनी ते जुनं रिटर्न बघितल्या बघितल्या सांगितलं, "साहेब, व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठच वर्षं मिळतात, त्यातलं एक गेलं." खूप वाईट वाटलं तेव्हा, कारण घरात त्या वर्षी एकेक रुपया मोजून खर्च केला होता.

मग त्यांनी बसून सगळं विचारलं, अगदी घरातल्या माणसासारखं. ८०ई फक्त व्याजावर मिळतं, मुद्दलावर नाही, पण व्याजाला वरची मर्यादा नाही, आणि लोन बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचंच हवं, मेहुण्याकडून घेतलेले पैसे चालत नाहीत. मुलाची इंजिनिअरिंगची पावती दिली तर त्यांनी पेन्सिलीने फक्त ट्युशन फीच्या ९०,००० वर गोल केला, डेव्हलपमेंट फी आणि हॉस्टेलवर काट मारली, ते ८०सी मध्ये (फी, पीएफ वगैरेंची दीड लाखापर्यंतची वजावट) बसत नाही म्हणाल्या. मुलीची तिकडची फीसुद्धा नाही, कारण कॉलेज भारतातलं लागतं. पीएफ ६०,००० होताच, दीड लाख बरोबर भरले.

बँकेचं इंटरेस्ट सर्टिफिकेट मी घेऊन गेलो होतो पण त्यावर लोन मंजूर झाल्याची तारीख नव्हती. त्या वर्षीपासून रिटर्नच्या फॉर्ममध्ये बँकेचं नाव, लोन अकाउंट नंबर, मंजुरीची तारीख, एकूण रक्कम आणि ३१ मार्चला किती बाकी आहे ते सगळं भरावं लागतं, म्हणून मला परत बँकेत पाठवलं. तेव्हा वैताग आला, पण अंदाजाने काहीही टाकलं नाही हे मला आवडलं.

हिशोब त्यांनी कागदावर दोन रकाने पाडून समोर करून दाखवला. पगार १३ लाख, होमलोनचं व्याज २ लाख, मेडिक्लेम २५,०००, ८०सी दीड लाख, ८०ई २,४०,०००. जुन्या रिजीममध्ये टॅक्स ४१,०८० आणि नव्यात ८८,४००. ऑफिसने नव्याप्रमाणेच टीडीएस कापला होता, त्यामुळे ४७,३२० रिफंड आला, मुलीच्या तिकिटाला उपयोगी पडला.

फी १,५०० घेतली, पावती दिली. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर उशिरा येतं, दोन दोन दिवस, त्यामुळे घाईचं काम असेल तर सरळ जाऊन भेटा.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. निघताना त्याच म्हणाल्या की पुढच्या वर्षी २०२५-२६ च्या स्लॅबने तुम्हाला नवी रिजीम परवडेल, एवढ्याच पगारावर २६,००० टॅक्स येईल, म्हणजे ८०ई सोडून दिलं तरी कमीच. पगारदार माणसाला दरवर्षी रिजीम बदलता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरायला हवं. जाताना फॉर्म १६, व्याजाचं सर्टिफिकेट, बँकेचं सँक्शन लेटर आणि फीची पूर्ण पावती न्या, शनिवारी संध्याकाळी गर्दी असते म्हणून सकाळी दहाला जा.