आरोग्य संजीवनी: हप्ता परवडतो, पण खोलीचं भाडं आधी विचारा

पहिल्यांदा मेडिक्लेम घेणाऱ्याला कंपन्यांच्या अटींची तुलना करणं जवळपास अशक्य असतं. म्हणूनच विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही ठरावीक साच्यातली पॉलिसी आरोग्य विमा कंपन्यांना आणायला लावली. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. त्यामुळे निवडताना फक्त हप्ता, आपल्या भागातली कॅशलेस रुग्णालयं आणि दावे निकाली काढण्याचा लौकिक एवढंच बघायचं. हप्ता शहरानुसार बदलत नाही. मुंबईकराला आणि लातूरकराला दर एकच. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

आता खरी मेख. खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि नर्सिंगचा खर्चही त्यातच. आयसीयूला ५ टक्के, कमाल १०,०००. म्हणजे अडीच लाखांची पॉलिसी घ्या नाहीतर १० लाखांची, खोलीची मर्यादा ५,०००च. ती ओलांडली की नुसता भाड्यातला फरक खिशातून जात नाही, बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. एजंट हे सहसा सांगत नाहीत, आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांची धावपळ इथेच होते.

समजा, ५ लाखांची पॉलिसी आहे आणि पेशंट ८,००० रुपयांच्या खोलीत ४ दिवस राहिला. भाडं ३२,०००, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,२०,०००, औषधं आणि इम्प्लांट ६०,०००. एकूण बिल २,१२,०००. भाड्याचे २०,००० मंजूर होतील. सर्जन-थिएटरचे पाच-अष्टमांश (८,०००च्या खोलीत मंजूर ५,०००, त्याच प्रमाणात), म्हणजे ७५,००० मिळतील. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, ते ६०,००० पूर्ण. झाले १,५५,०००. त्यातून प्रत्येक दाव्यावरचा ५ टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, ७,७५० रुपये वजा. हातात १,४७,२५०, खिशातून ६४,७५०. ग्लोव्ह्ज, नोंदणी शुल्क असल्या न मिळणाऱ्या बाबी आणखी वेगळ्या. हाच पेशंट ५,०००च्या खोलीत राहिला असता तर कात्री लागलीच नसती. म्हणून ॲडमिट होताना टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या खिडकीवर, ‘आमची रूम एलिजिबिलिटी किती?’ हे विचारूनच खोली घ्या.

या एका अटीमुळे आमचं मत शहरागणिक बदलतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे सेमी-प्रायव्हेट खोली ५,०००च्या आत मिळते, तिथे ही पॉलिसी चांगली आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत सिंगल रूमच हवी असेल, तर थोडा जास्त हप्ता भरून खोलीवर मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. तिथे संजीवनीची विमा रक्कम १० लाखांवर नेण्यात फारसा अर्थ नाही.

इतर मर्यादा आटोपशीर आहेत. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, यातलं जे कमी ते. रोबोटिक सर्जरी, इम्युनोथेरपी अशा आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत. रुग्णवाहिकेला २,०००. भरती होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात, तेव्हा तपासण्यांची मूळ बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. आयुर्वेदिक रुग्णालयातली भरती पूर्ण विमा रकमेपर्यंत चालते, ही जमेची मोठी बाजू. बाळंतपण आणि ओपीडी मात्र नाही.

पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू यांसाठी २ वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या मधुमेह-बीपीसारख्या आजारांची मुदत पूर्वी ४ वर्षं होती. २०२४च्या नियमांनी ती जास्तीत जास्त ३ वर्षं केली. म्हणून तिशीतच घेतलेली बरी.

फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, आई-वडील आणि सासू-सासरेही बसतात, पण त्यांना त्यात घालू नका. हप्ता साधारणपणे सर्वांत वयस्कर व्यक्तीवरून ठरतो, आणि वडिलांच्या एका ऑपरेशनमध्ये रक्कम संपली तर त्या वर्षी मुलांसाठी काही उरत नाही. संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळण्याची सोय या पॉलिसीत नाही. आई-वडील, सासू-सासऱ्यांची पॉलिसी वेगळी काढा आणि स्वतःच्या ५ लाखांवर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षातला खर्च ५ लाखांच्या वर गेला की वरचा भाग देणारी जोड-पॉलिसी.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. थायरॉईडची रोजची एक गोळीसुद्धा लिहा. लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी नाव, जन्मतारीख आणि जाहीर केलेले आजार तपासा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. अटीच पटल्या नाहीत तर ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत ती परत करता येते, आणि किरकोळ वजावट सोडून हप्ता परत मिळतो.