बुद्धिबळ गटाच्या चर्चेसाठी गूगल ग्रुप्स : सांगलीतील वापरानंतरचे परीक्षण

सांगली, मिरज, कुपवाड आणि तासगाव या भागांतील बुद्धिबळप्रेमींचा आमचा एक छोटा गट आहे. गटातील डाव लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खेळले जातात आणि त्यांवरची चर्चा गूगल ग्रुप्सवर चालते. डाव कोठे खेळावा याबद्दल आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत. वाद झाला तो डाव संपल्यानंतर बोलायचे कोठे, याबद्दल. तरुण सभासदांना स्वतंत्र चर्चामंच, म्हणजे ज्याला सगळे मेसेज बोर्ड म्हणतात तो, हवा होता. वयाने मोठ्या मंडळींचा आग्रह ई-मेलवरच सगळे यावे असा होता. या दोन्ही मागण्या एकाच ठिकाणी भागवणारी सेवा म्हणून गूगल ग्रुप्सची निवड झाली. ती कितपत योग्य ठरली हे येथे मांडत आहे, कारण असाच प्रश्न ऑनलाइन खेळणाऱ्या इतर गटांपुढेही येत असणार.

सांगलीतील बुद्धिबळाची परंपरा जुनी आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावे महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या खेळाडूला सांगावी लागत नाहीत. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच शहरातल्या. या परंपरेत वाढलेल्या खेळाडूंना एक सवय असते. डाव संपला की हात मिळवायचे आणि लगेच सोंगट्या पुन्हा मांडून, नेमके कोठे चुकले हे प्रतिस्पर्ध्याच्याच मदतीने शोधायचे. शिकणे खरे तर तेथेच होते. ऑनलाइन डावात हा भाग पूर्णपणे गळून पडतो. समोरचा खेळाडू एका क्षणात निघून जातो आणि उरतो तो संगणकाने काढलेला आकडा, जो चूक दाखवतो पण त्या वेळी खेळाडूच्या मनात काय होते ते सांगत नाही. आम्हाला जागा हवी होती ती या चर्चेसाठी, आणि म्हणून या सेवेची पारखही मी याच कसोटीवर केली आहे.

गूगल ग्रुप्सची रचना समजायला सोपी आहे. गटाला एक ई-मेल पत्ता मिळतो. त्यावर पाठवलेले पत्र सर्व सभासदांना जाते आणि त्याच वेळी संकेतस्थळावर विषयवार साठवलेही जाते. प्रत्येक सभासदाला आपल्यापुरता पर्याय निवडता येतो : प्रत्येक पत्र स्वतंत्र घ्यावे, जास्तीत जास्त २५ पत्रे एकत्र बांधलेला गठ्ठा घ्यावा, दिवसातून एकदा सारांश घ्यावा, किंवा ई-मेल अजिबात न घेता फक्त संकेतस्थळावर वाचावे. आमच्यातील भांडण या एका सोयीमुळे मिटले. तासगावचे आमचे निवृत्त गणित शिक्षक सकाळी चहाबरोबर एकेक पत्र उघडून वाचतात, आणि अभियांत्रिकीची मुले रात्री उशिरा संकेतस्थळावर जाऊन सगळा विषय सलग वाचतात. दोघेही एकाच चर्चेत असतात आणि आपली सवय कोणालाच बदलावी लागत नाही.

बोर्ड आणि ई-मेल यांतील खरा फरक माझ्या मते असा आहे की बोर्डाकडे आपण आठवणीने जावे लागते, तर पत्र आपल्याकडे चालत येते. झटपट खेळल्या जाणाऱ्या खेळांत लोक दिवसभर ऑनलाइनच असतात, त्यामुळे त्यांना बोर्डावर जाणे जड जात नाही. लिचेसवरील पत्रव्यवहारी डावात मात्र एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते, आणि असा डाव दोन-दोन महिने चालतो. इतक्या संथ गतीच्या खेळात बोर्ड सुरू केला की पहिले काही आठवडे उत्साहात जातात आणि मग कोणीच तिकडे फिरकत नाही. आम्ही पूर्वी एका मोफत चर्चामंचावर नेमका हाच अनुभव घेतला होता. पुढे तो मंचच बंद झाला आणि त्याबरोबर सगळे लेखनही गेले.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा तेथील असंख्य समूह विखुरले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, पण त्यांचे सभासद ई-मेलने जोडलेले असल्यामुळे अनेक गट पत्त्यांच्या यादीसह दुसरीकडे जाऊ शकले, आणि जुनी पत्रे ज्यांनी जपली होती त्यांच्या पेटीत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली, तेव्हा ज्या मुलांची ओळख फक्त खेळातील टोपणनावापुरती होती त्यांना एकमेकांना शोधायला दुसरा मार्गच नव्हता. गटाचे बोलणे खेळाच्या बाहेर आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात असावे, हे माझे मत या घटनांमुळे पक्के झाले. ई-मेलच्या गटात प्रत्येक पत्राची प्रत प्रत्येक सभासदाकडे पोहोचलेली असते. गूगलने उद्या ही सेवा गुंडाळली तरी लिहिलेले बुडणार नाही. गूगल ग्रुप्सनेही आपला एक मोठा भाग थांबवलेला आहेच : २००१ मध्ये डेजा न्यूज या संकेतस्थळाकडील यूजनेटचा, म्हणजे इंटरनेटवरील जुन्या सार्वजनिक चर्चागटांच्या जाळ्याचा, संग्रह घेऊन ही सेवा सुरू झाली आणि २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरील नवे लेखन तेथे येणे बंद झाले. जुने लेखन मात्र अजून शोधता येते.

आता प्रत्यक्ष चर्चा कशी चालते ते एका उदाहरणाने दाखवतो. एका डावात पांढऱ्याकडे हत्ती आणि एक प्यादे उरले होते, काळ्याकडे नुसता हत्ती. आमच्या गटातील एका मुलाने काळ्या बाजूने तो डाव गमावला आणि पत्रात लिहिले की ही स्थिती हरलेलीच होती. तासगावच्या गणिताच्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर दिले : ‘‘बाळ, तुझा राजा प्याद्याच्या वाटेतच उभा होता, मग घाबरलास कशाला? हत्ती सहाव्या रांगेवर ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला तेथे पाय ठेवता येत नाही. वैतागून त्याने प्यादे सहाव्या रांगेवर ढकलले की आपला हत्ती थेट पहिल्या रांगेवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. त्याला लपायला जागा उरत नाही.’’ ही फिलिडोरची प्रसिद्ध बचावपद्धती आहे आणि ती कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण आपल्याच डावाखाली, आपल्याच चुकीला धरून ती वाचायला मिळणे वेगळे. त्यानंतर आणखी तिघांनी त्या पत्राखाली आपापले हत्तीचे शेवट मांडले. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच बोलणे दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले गेले असते. येथे विषयाचे नाव टाकले की आजही ते सलग समोर येते.

ई-मेलचा दुसरा गुण म्हणजे पाठवलेले परत घेता येत नाही. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र रोखण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्यानंतर ते सर्वांचे झाले. बोर्डावर लिहिणारा आपला मजकूर मागाहून दुरुस्त करू शकतो, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला पहिल्याच लेखात शुद्ध विश्लेषण मिळते, हा बोर्डाचा निश्चित फायदा आहे. तरीही बुद्धिबळाच्या विश्लेषणात मला चुकीची चाल, तिचे खंडन आणि त्या खंडनातील चूक हा सगळा क्रम जसाच्या तसा राहिलेला हवा असतो. शिवाय माणूस पाठवण्यापूर्वी पटावर चाली मांडून बघतो. आमच्या गटातील पत्रांची लांबी आणि काळजी ही बहुतांशी याच कारणाने आहे, असे मला वाटते.

बोर्डाची ताकद मात्र कमी लेखण्यासारखी नाही. १९९९ मध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध जग हा डाव इंटरनेटवर झाला, तेव्हा ७५ हून अधिक देशांतील ५० हजारांवर लोकांनी त्यात भाग घेतला. प्रत्येक चालीला २४ तास असत. जगाची चाल मतदानाने ठरे आणि तिच्यावरची चर्चा सार्वजनिक बोर्डावर चाले. अनोळखी माणसांनी तेथे एकमेकांचे विश्लेषण तपासून जे काम उभे केले ते एखाद्या बंद ई-मेल गटात होऊच शकले नसते, कारण नवा माणूस मधूनच येऊन वाचू शकतो आणि लिहू शकतो ही मुभा बोर्डावरच असते. त्याच डावात ५८ व्या चालीच्या वेळी जगाच्या बाजूच्या सल्लागार इरिना क्रश यांची शिफारस मतदारांपर्यंत वेळेत पोहोचली नाही आणि ६२ व्या चालीला डाव संपला. हजारोंचा गट असेल, नवे लोक सतत येत असतील आणि एखाद्याला रोज लक्ष घालण्याची तयारी असेल, तर बोर्डच घ्यावा. डिस्कोर्ससारखी चर्चामंच चालवण्याची मुक्त प्रणाली त्यासाठी उत्तम आहे आणि तिच्यात ई-मेलवरून उत्तर देण्याचीही सोय आहे. पण स्वतः चालवायची तर सर्व्हरचे भाडे भरावे लागते आणि अद्ययावतीकरण कोणीतरी सांभाळावे लागते. वीस-पंचवीस जणांच्या गटाला तो भार पेलण्यासारखा नाही. डिस्कॉर्ड हे संवादाचे अ‍ॅप थेट बोलत खेळणाऱ्यांसाठी आहे. बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, खेळणाऱ्या चमूला तेच लागते, आम्हाला नाही. लिचेसवरील संघालाही स्वतःचा मंच मिळतो, पण पत्र घरी येण्याची सोय नसल्याने आमच्या ज्येष्ठांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

गूगल ग्रुप्सच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे पट दिसत नाही. पत्रात अक्षरे आणि टिंबे टाइप करून कोणी पट काढला, तर सर्व अक्षरांची रुंदी सारखी नसलेल्या टंकात त्याच्या रांगा सरकतात. आठ घरांची ओळ कोठे साडेसात घरांची दिसते, कोठे नऊ, आणि काळ्या घरांतून चालणारा उंट पांढऱ्या घरावर जाऊन बसतो. यावर आम्ही असा मार्ग काढला की विश्लेषण लिचेसवरील अभ्यासात, म्हणजे तेथील स्टडी या सोयीत, मांडायचे आणि पत्रात त्याचा दुवा द्यायचा. एका अभ्यासात ६४ प्रकरणे मावतात, त्यामुळे एका स्पर्धेचे सगळे डाव एकाच ठिकाणी राहतात. लिचेस ही २०१० पासून चालू असलेली, जाहिरातमुक्त आणि ना-नफा सेवा असल्यामुळे या जोडणीला काही खर्चही येत नाही. पण दोन सेवा वापराव्या लागतात हे खरे, आणि नव्या सभासदाला ते शिकवावे लागते.

दुसरी मर्यादा शोधाची आहे, आणि ती मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक गटाला जाणवेल. घोडा, घोड्याने, घोड्यावर अशी रूपे बदलत असल्यामुळे शब्दावरून जुने पत्र शोधणे भरवशाचे राहत नाही. म्हणून आम्ही विषयाच्या ओळीत डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय संकेतांक लिहितो. सिसिलियन बचावातील नायडॉर्फ हा प्रकार असेल तर बी ९०, आणि त्यापुढे खेळाडूंची नावे व ‘डाव संपला’ हे दोन शब्द. चालू डावावर गटात बोलायचे नाही हा नियम आम्ही कडक पाळतो आणि हे शेवटचे दोन शब्द त्याचीच ग्वाही असतात. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत संगणकाची मदत घेण्यास मुभा आहे, पण लिचेसवर ती नाही; त्यामुळे चालू डावाबद्दल गटात आलेले एखादे उत्साही पत्रसुद्धा प्रतिस्पर्ध्यावर अन्याय करणारे ठरते, आणि पाठवलेले पत्र परत घेता येत नाही हा गुण त्या प्रसंगी दोष बनतो.

तिसरी बाब पालकांसाठी आहे. ई-मेल गटात लिहिणाऱ्याचा पत्ता इतर सभासदांना दिसतो. सांगलीत नऊ-दहा वर्षांची मुलेही गांभीर्याने खेळतात, आणि त्यांच्या बाबतीत हे चालणार नाही. आमच्याकडे लहान मुलांच्या वतीने आई किंवा वडील सभासद होतात आणि गठ्ठ्याचा पर्याय घेतात. पत्र लिहायचे असेल तर मुलाच्या शेजारी बसून तेच लिहितात. टोपणनाव घेता येणारा बोर्ड या एका बाबतीत ई-मेलपेक्षा सुरक्षित आहे, हे मान्य करायला हवे.

ही सेवा घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. उत्तर आपोआप संपूर्ण गटाला जावे की फक्त लिहिणाऱ्याला, हे सेटिंगमध्ये निवडता येते. चर्चा टिकवायची असेल तर संपूर्ण गट हाच पर्याय ठेवावा आणि नुसते ‘धन्यवाद’ असेल तर ते लिहिणाऱ्याला वेगळे कळवण्याची शिस्त लावावी. नव्या सभासदाची पहिली काही पत्रे तपासून सोडावीत, म्हणजे जाहिराती आत शिरत नाहीत. संभाषणांचा इतिहास साठवण्याचा पर्याय चालू आहे याची खात्री करावी, नाहीतर संकेतस्थळावर काहीच उरत नाही. गटाचे मालक किमान दोन असावेत आणि ते दोन वेगळ्या घरांतले असावेत. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात या शहरातील कितीतरी घरे दिवसेंदिवस विजेविना आणि फोनविना होती. मालकाला गूगल टेकआउटमधून गटाची सर्व पत्रे एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. आम्ही प्रत्येक स्पर्धा संपली की ती फाइल उतरवतो आणि तिची एक प्रत गटातील पुण्याच्या सभासदाकडे ठेवतो.